कल्पना का संसार

आमच्या घरात ‘संसार’ हा शब्द कधी हळू आवाजात उच्चारला गेला नाही. आई तो पातेल्यावर झाकण आदळावं तसा आदळायची. ‘माझा संसार’, ‘तुमच्या नोकरीपायी माझ्या संसाराची ही दशा’, ‘संसार उचला, संसार मांडा, हमालाचं बरं, त्याला निदान मजुरी तरी मिळते’. संसार ही तिच्या लेखी पोत्यात भरता येण्यासारखी, सुतळीनं बांधता येण्यासारखी वस्तू होती. पितळी डबे, ट्रंका, शेगडी, परात, पोळपाट, आणि सगळ्यांत जड म्हणजे सोलापूरहून तिच्याबरोबर आलेला काळा पाटा आणि त्याचा वरवंटा. बाबा विमा कंपनीत अधिकारी होते आणि त्यांच्या बदल्या होत. ट्रक भरताना पाटा चढवायची वेळ आली की ते दर वेळी म्हणत, “हा धोंडा कशाला न्यायचा? दगड काय तिकडं मिळत नाहीत?” आईचंही उत्तर ठरलेलं होतं. “मिळतात की ओ. माणसंही मिळतात तिकडं. म्हणून तुम्हाला इथं टाकून जाते का मी?”

त्यातल्या वरवंट्याचं आणि माझं नातं जुनं. आमच्याकडं बारशाला वरवंट्याला टोपडं घालतात, काजळानं डोळे काढतात आणि ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत त्याला पाळण्याच्या खालून-वरून फिरवून बाळाशेजारी निजवतात. माझ्या बारशाला हाच वरवंटा माझ्याशेजारी निजला होता. मी हट्टाला पेटले की आई म्हणायची, “दगडाशेजारी निजलीस, त्याचाच गुण लागला.” आणि बाबा ऑफिसातून आले की दारातूनच हाक मारत, “काय गं वरवंट्या, जेवलीस का?” माझं खरं नाव कल्पना. पण घरात ते फक्त रागावताना वापरलं जाई.

जयपूर माझ्या आठवणीतलं चौथं गाव. प्रताप नगरात हाउसिंग बोर्डाच्या घराचा खालचा मजला आम्ही भाड्यानं घेतला होता. विमानतळ जवळच, त्यामुळं विमान उतरायला लागलं की मांडणीवरची भांडी एकमेकांना लागून किणकिणायची आणि आई हातातलं काम न थांबवता एका हातानं ताटाळं धरून ठेवायची. पहिले काही दिवस मला वाटायचं की विमान एकदा तरी आमचे डबे घेऊनच जाईल. सकाळी बाजरीची भाकरी. ज्वारी इथं मनासारखी मिळत नसे. मिळाली तर पिठाला चिकी नसे, भाकरी थापता थापता फाटायची आणि आई त्या पिठाला सोलापुरी शिव्या घालायची. पण शेंगांची चटणी मात्र पाट्यावर रगडून तेल सुटेपर्यंत वाटलेली, अस्सल घरची. वरवंट्याचा तो घसघस आवाज आला की मी कोणत्या गावात आहे हे विसरून जायची.

जयपुरात आईचं एक नवीनच झालं. शेजारच्या बाईंबरोबर ती सांगानेरला कापड छापण्याचा कारखाना बघायला गेली आणि तिथं तिला काम मिळालं. लाकडी ठशांनी छापलेल्या कापडाची जुळणी तपासायची, ठसा कुठं सरकला ते दाखवायचं. तिचं रांगोळीत घोटलेलं बोट होतं, तिला केसभर सरकलेली रेघही दिसायची. सकाळी ती बसनं जायची, संध्याकाळी यायची तेव्हा नखांच्या कडांना निळा किंवा मंजिष्ठेचा लाल रंग असायचा. तो रंग ती घासून काढत नसे. भाकरी करताना मी त्या नखांकडे बघत बसायची. आई त्या दिवसांत गुणगुणायला लागली होती, हे मला आता, तिच्या त्या वयाच्या कितीतरी पुढं आल्यावर लक्षात येतं. तेव्हा मला फक्त एवढंच जाणवायचं, की घरात जरा बरं चाललंय.

आणि मग सिलिगुडीची बदली आली.

बाबांनी ते जेवताना सांगितलं. आईनं त्यांना वाढलं, मला वाढलं, स्वतःच्या ताटात आमटी घेतली आणि म्हणाली, “तुम्ही जा. मी येणार नाही.”

बाबांना ती थट्टा वाटली. “तिकडंही मिळेल की काहीतरी काम.”

“काहीतरी, काहीतरी करतच आले की मी इतकी वर्षं. आता हे एक धड मिळालंय.”

“तुझ्या हट्टापायी संसार मोडेल, कळतंय का?”

“मोडू दे की ओ. किती वेळा बांधू?”

मोडलेला संसार मी पाहिला नव्हता, पण आमच्या मागच्या गावातल्या एका मुलीबद्दल बायका दाराआड तसं बोलायच्या आणि ती मुलगी आली की एकदम गप्प व्हायच्या. आपण आल्यावर लोक गप्प होणार, हीच मला त्यातली सगळ्यांत वाईट गोष्ट वाटली. त्या दिवसापासून मी दोघांचं बोलणं कान देऊन ऐकू लागले. शाळेत, बसस्टॉपवर, दात घासतानाही तेच शब्द ऐकू येत. आईबाबा भांडत नव्हते, हे तर आणखी वाईट. ते एकमेकांशी अगदी नीट, सभ्यपणे बोलू लागले होते.

मी तेव्हा सक्सेना मॅडमकडं चित्रकलेला जायची. दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर, त्यांच्या गॅरेजमध्ये वर्ग. मॅडम शाळेतून निवृत्त झालेल्या, आवाज खणखणीत, आणि जलरंगांवर त्यांची अपार श्रद्धा. “वॉटर कलर में झूठ नहीं चलता, बेटा,” त्या म्हणत. मला तर त्यात खरंही जमत नव्हतं. जयपूरची हवा इतकी कोरडी, की आकाशाची निळी पट्टी वरून खाली ओढेपर्यंत वरची सुकून तिची कड पडलेली असे. ती पुसायला जावं तर खालचा रंग उकरला जाई, त्यात दुसरा मिसळावा तर चिखल होई. पांढरा रंग वापरायला बंदी होती. उजेड हवा तर कागद कोरा सोडायचा, आणि तो आधीच सोडायचा. मला कोरा कागद सोडायची भीती वाटायची. रिकामं दिसलं की मी तिथं रंग लावून मोकळी.

त्यात मी एक वेडेपणा सुरू केला. ब्रश उचलताना मनात म्हणायची, आकाश कड न पडता सुकलं तर आई सिलिगुडीला येईल. आकाशाला कड पडायचीच. मग मी दुसरा कागद घ्यायची आणि म्हणायची, मघाचं धरायचं नाही. माझ्याकडं आता शिकायला येणाऱ्या मुलांपैकी एखादं दात-ओठ खाऊन ओल्या कागदाकडं बघत बसलं, की मला त्याला विचारावंसं वाटतं, कशावर पैज लावलीस बाबा? पण विचारत नाही. नुसता पंखा बंद करते.

एक दिवस मॅडमनी जाहीर केलं की कॉलनीच्या सामुदायिक भवनात आमच्या वर्गाचं प्रदर्शन भरणार. या वेळी फुलदाणी नाही, झोपडी नाही, डोंगरातून उगवणारा सूर्य तर नाहीच नाही. “इस बार कल्पना-चित्र। जो कहीं होता नहीं, वो बनाओ,” त्या म्हणाल्या आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात विषय लिहिला : कल्पना का संसार.

सगळा वर्ग माझ्याकडं वळून हसला. “ए कल्पना, तेरा संसार!” कुणीतरी ओरडलं.

माझे कान तापले. हिंदीत संसार म्हणजे जग, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पाचवीच्या हिंदीच्या पुस्तकात मागं शब्दार्थ दिलेले असत, त्यात ते होतं. पण ज्या घरात तो शब्द रोज ताटावर वाढला जात होता, त्या घरातून मी आले होते. मला वाटलं, यांना कळलं. शेजारच्या बाईंनी सांगितलं असणार. मॅडमना आमच्या घरातलं कळलंय आणि त्यांनी ते फळ्यावर लिहिलंय. मोडायला आलेला माझ्या आईचा संसार, आणि तो मी काढायचा, आणि सगळ्या कॉलनीनं बघायचा. मी मान खाली घालून वहीत विषय उतरवून घेतला. नाही म्हणायची माझी छाती नव्हती.

बाकीच्यांनी पऱ्या, सात तोंडांचे मासे, ढगांतले महाल काढायला घेतले. मीही आधी चुकवून पाहिलं. पंखांचा उंट काढला, तो उंट सुजलेल्या बदकासारखा दिसायला लागला. मग ढगातली बाग काढली, ती वाहून गेली. शेवटी ठरवलं, सांगितलंय ते काढायचं. आणि एकदा तसं ठरवल्यावर मला दिसलं, की आमचा संसार मी कधी एका जागी मांडलेला कल्पनेत आणूच शकत नाही. डोळे मिटले की तो निघालेला असतो. मग ट्रक तरी कशाला? विमान उतरताना भांडी थरथरतात, ती उडालीच तर?

वर्गातला चांगला कागद मी नासाडीत संपवला होता. आईनं सांगानेरहून हातकागदाचे मोठे तुकडे आणले होते, जाडजूड, कडांना दशा निघालेले. मॅडमनी त्यातला एक बोटानं चाचपला आणि नाक मुरडलं. “यह तो सोख्ता है। सारा पानी पी जाएगा।” घरी येऊन मी आईला म्हटलं, “आई, कागद पाणी पितो म्हणे. मतलब, रंग राहत नाही वर.” आईनं विचार केला आणि दुसऱ्या दिवशी कामावरून तुरटी आणि सरस घेऊन आली. कापडावर रंग धरायला तिथं तुरटी लागतेच. आम्ही दोघींनी सरस कोमट पाण्यात विरघळवला, त्यात तुरटी घातली आणि ते पाणी कागदावर फिरवून कागद दोरीवर चिमट्यांनी वाळत घातले. स्वयंपाकघरात खळीचा वास पसरला.

“काय काढणार आहेस एवढं?” आईनं विचारलं.

“मॅडमनी दिलंय ते.”

“परी-बिरी?”

“तसलंच.”

तिनं माझ्याकडं जरा रोखून पाहिलं आणि भाजी चिरायला लागली. मला रडू येत होतं. तिच्याच हातानं खळ दिलेल्या कागदावर मी तिचाच संसार चव्हाट्यावर मांडणार होते.

चित्र मी गच्चीच्या जिन्यावर बसून काढलं, शाळेतून आल्यावर, आई यायच्या आत. खाली झालान्याकडचे डोंगर, संध्याकाळचं पिवळं आकाश, आणि त्यात एका ओळीत निघालेलं आमचं घर. पुढं ट्रंका, मग शेगडी, डबे, बाबांची स्कूटर, आणि शेवटी पाटा. पाटा काही केल्या उडेना. आकाशात चिकटवल्यासारखा दिसे. मॅडमनी पूर्वी कधीतरी सांगितलेलं आठवलं, की वस्तू आणि तिची सावली यांच्यात अंतर सोडलं की वस्तू जमिनीवरून सुटते. मी खाली डोंगरावर पाट्याची एक लांबट निळी सावली टाकली, आणि मधली सगळी जागा जीव मुठीत धरून कोरी, पिवळी ठेवली. पाटा उडाला. एवढा मोठा काळा धोंडा, आणि उडाला. माझ्या अंगावर काटा आला. त्या वेळी मी कशावरही पैज लावली नव्हती, हे मला पक्कं आठवतं.

लगेच मी उतावीळपणे त्यामागं वरवंटा काढायला घेतला आणि भरलेल्या ब्रशमधून पाण्याचा टपोरा थेंब नेमका ओल्या वरवंट्यावर पडला. रंग चहूबाजूंनी पळाला. मी कापूस दाबला, पुन्हा दाबला. कापूस उचलला तेव्हा तिथं एक पांढरा गोल राहिला होता आणि वरवंटा गेला होता.

मॅडमनी चित्र बघितलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं. “यह क्या है? संसार मतलब दुनिया होता है, बेटा। तू तो पूरी रसोई उठा लाई!” म्हणजे त्यांना काहीच कळलेलं नव्हतं. कुणालाच कळलं नव्हतं. सगळ्यांनी दुनिया काढली होती आणि मी एकटीनं आपण होऊन घरचं बाहेर आणून ठेवलं होतं. मी चित्र परत मागितलं. पण प्रदर्शन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं, भिंतीवर एक जागा रिकामी राहत होती, आणि मॅडमना रिकाम्या जागा फक्त कागदावर आवडत. “चाँद अच्छा बना है,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी ते पिण्याच्या पाण्याच्या माठांजवळ टांगलं.

रविवारी सकाळी आई-बाबा स्कूटरवरून आले. हॉलच्या दाराशी कचोऱ्या तळल्या जात होत्या, लोक हातात द्रोण घेऊन चित्रं बघत होते. मी माठांसमोर उभी राहून चित्र पाठीनं झाकायचा प्रयत्न करत होते. तहान लागलेल्या माणसांनी मला दोनदा बाजूला केलं. तिसऱ्यांदा बाबांनी केलं.

ते चित्रासमोर उभे राहिले. “ही आपली स्कूटर की गं.”

“हो.”

“पेट्रोल वाचेल.” कुणीच हसलं नाही. मग ते वाकले. “आणि हे बघ, पाटा! अगं, तुझा धोंडा उडायलाय बघ!” बऱ्याच दिवसांनी ते आईशी असं घरच्यासारखं बोलले होते. आई जवळ आली. तिनं चित्र ठशांची जुळणी तपासावी तसं डावीकडून उजवीकडं पाहिलं, ट्रंका, शेगडी, डबे, आणि पाट्यापाशी थांबली.

“पाटा आहे, मग वरवंटा कुठाय?” बाबांनी मला विचारलं.

“चंद्र आहे ना, तिथं होता. पुसला गेला.” माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

आईनं त्या पांढऱ्या गोलावर नखाचं निळं टोक ठेवलं. “बरोबरच काढलंय पोरीनं,” ती म्हणाली. “असंच करू या. पाटा तुम्ही न्या सिलिगुडीला. वरवंटा माझ्याजवळ राहील.”

बाबा हसले. “नुसता पाटा नेऊन मी काय करू?”

“आणि मी नुसत्या वरवंट्यानं काय करणार आहे? कळू दे की दोघांनाही.”

“किती दिवस?”

“तुम्हाला परत यावंसं वाटेतोवर.”

बाबांचं हसू तसंच तोंडावर राहिलं, पण त्यांनी माझ्याकडं पाहिलं. वरवंटा कोण ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. आजूबाजूला माणसं पाणी पीत होती, कुणीतरी “भैया, एक कचोरी और” म्हणत होतं, आणि आमच्या घराचा निकाल लागला होता. मला हायसं वाटलं. मोडला नव्हता, वाटला होता. आणि हायसं वाटलं याची मला इतकी लाज वाटली, की मी बाबांची बाही धरून ठेवली ती घरी येईपर्यंत सोडली नाही.

बाबा गेले त्या सकाळी त्यांचं सामान थोडंच होतं. एक ट्रंक, वळकटी आणि पोत्यात घातलेला पाटा. इतक्या बदल्यांत तो नेहमी हमालांनी उचलला होता. या वेळी बाबांनी तो स्वतः उचलला, छातीशी धरून रिक्षापर्यंत नेला, वाटेत दोनदा टेकवला. कपाळावरचा घाम पुसत मला म्हणाले, “उडत नाही गं हा.” दारात उभ्या असलेल्या आईनं ते ऐकलं. रिक्षा वळेपर्यंत ती आत गेली नाही.

पुढं चटणी मिक्सरमध्ये व्हायला लागली. वरवंटा ओट्याच्या कोपऱ्यात उभा असे आणि आई येता-जाता त्याला पुसायची. तिला कुणी विचारलं, मिस्टर कुठं असतात, तर ती सांगायची, “सिलिगुडीला, पाटा सांभाळतात.” बाबा सुट्टीला यायचे, पाटा यायचा नाही. शेवटी बढती नाकारून ते जयपूरला परत आले तेव्हा पोतं त्यांनीच खांद्यावरून उतरवलं. आईनं सुतळी सोडली. पाटा वापरलेला होता. बाबांनी तिकडच्या नदीतला एक गोटा वरवंटा म्हणून धरला होता, स्वतः मिरच्या वाटून खाल्ल्या होत्या, आणि कुणाकडून तरी छिन्नीनं टाकीही लावून घेतली होती. पाट्याला भलत्याच ठिकाणी खोलगा पडला होता.

आई-बाबा दोघंही आता नाहीत. पाटा-वरवंटा माझ्याकडं आहेत, याच प्रताप नगरात. चित्राला मात्र वाळवी लागली. मी अजून चटणी पाट्यावरच वाटते. वरवंटा त्या खोलग्यात नीट बसत नाही, वाटताना जरा डुगडुगतो. आई परत पहिल्यांदा वाटायला बसली तेव्हाही तो असाच डुगडुगला होता आणि ती थांबली होती. बाबा म्हणाले, उद्या टाकीवाला बघतो, सरळ करून घेऊ.

“राहू दे,” आई म्हणाली. “होते चटणी.”